काकडा विझल्यावर

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धायरीच्या शेडमध्ये बेहेरे सरांच्या बर्नरने मान टाकली.

पेटला मात्र झकास होता. शेडवर काम करणाऱ्या संतोषने काकडा स्पिरिटमध्ये भिजवून तांब्याच्या नळीखाली लावला. नळी तापली, निपलमधून वाफ सुटली आणि जाळीवर निळी ज्योत उभी राहिली. सर हाताची घडी घालून बघत होते. त्यांच्या पत्नी, सरोजिनीकाकू, डब्यातून वड्या वाटत होत्या. मग काकडा विझला. तो विझायलाच हवा असतो, कारण त्याचं काम नळी तापवून देण्यापुरतंच. पण थोड्याच वेळात ज्योतीचा एकसारखा आवाज अडखळू लागला. ज्योत पिवळी पडली, लांबली, आणि निपलमधून वाफेऐवजी स्पिरिटचे पेटते थेंब उडायला लागले. संतोषने धावत जाऊन कॉक बंद केला.

शनिवारी एका संस्थेची माणसं हा बर्नर बघायला येणार होती. ही संस्था शाळांतल्या मुलांचं जेवण शिजवते. त्यांच्या सगळ्या स्वयंपाकघरांत आमचा बर्नर जायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं.

पुन्हा पेटवला. पुन्हा तेच.

"नवरात्रात रोज दुपारभर चालला हा," सर म्हणाले. "आज सकाळी शेड कोणी उघडली?"

"मी, सर," संतोष म्हणाला.

"निपल कोणी बसवलं?"

"मीच बसवलं. रोज मीच बसवतो ना."

"आणि त्या भोसरीच्या बर्नरवाल्यांच्या माणसाबरोबर गेल्या आठवड्यात चहा कोण पीत होतं?"

संतोषच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "त्यायनं बोलावलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं."

"वा! काय निष्ठा आहे." सर शेडच्या दाराबाहेर आले, आणि त्यांच्या मागे संतोषही आला. शेजारच्या दोन्ही शेडमधली माणसं काम थांबवून अंगणात उभी होती. सर रागावले की अरे-तुरे करतात. खरंच दुखावले की अहो-जाहो करतात. "संतोषराव, आपण आता भोसरीलाच जावं. उद्यापासून इकडे येण्याची तसदी घेऊ नये. विकलेली माणसं मला ठेवता येत नाहीत."

संतोषने खिशातली शेडची किल्ली काढली, पायरीवर ठेवली आणि निघून गेला.

काकूंनी मला बाजूला ओढलं. "सुरुची, तो पोरगा असलं काही करणार नाही. तू मोजमापं घेतेस ना सगळ्याची? मग हे शोधून काढ. आणि ज्याने कोणी केलंय ना, त्याला मी सोडणार नाही."

२

माझं शिक्षण एम.एस्सी. फिजिक्स. बेहेरे सर इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त होऊन या बर्नरच्या मागे लागले तेव्हा त्यांना तापमानं आणि दाब मोजणारं माणूस हवं होतं, म्हणून मी आले. चार महिने राहायचं ठरवलं होतं. मग त्या निळ्या ज्योतीने मला धरून ठेवलं.

ज्यांनी घरी पंपाचा स्टोव्ह पाहिला आहे त्यांना आमचा बर्नर लगेच समजेल. द्रव इंधन नीट जळत नाही, त्याची वाफ जळते. म्हणून इंधन आधी तापलेल्या नळीतून न्यायचं. तिथे त्याची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते, जाताना हवा ओढून घेते आणि निळी जळते. स्टोव्हला पंप लागतो. आमची टाकी उंचावर असते, त्यामुळे पंप नाही.

सरांची खरी करामत पुढे आहे. स्टोव्हमध्ये वाफेची नळी थेट ज्योतीत असते. सरांनी आधी तसंच केलं होतं, पण स्पिरिट फार लवकर उकळतं आणि ज्योत भकभकायला लागते. म्हणून त्यांनी नळी ज्योतीबाहेर, जाळीच्या कडेला आणली. ज्योतीने जाळी लालबुंद होते, जाळीची धग नळीवर पडते, आणि बरोबर हवी तेवढीच वाफ होत राहते. भोवती वारा लागू नये म्हणून पत्र्याचं कवच. एकदा काकडा लावला की पुढे बर्नर स्वतःच्याच धगीवर चालतो. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना उभ्याने टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, आणि सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच वाजवल्या होत्या.

आता मी निपलपासून सुरुवात केली. ते काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. भोक गोल, स्वच्छ, कड शाबूत. कोणी ते मोठं केलेलं नव्हतं, त्यात काही अडकलेलंही नव्हतं. मग स्पिरिट. त्यात कोणी पाणी मिसळलं असतं तर त्याची घनता वाढली असती. घनता जिथल्या तिथे होती.

"मग निपल बदलून बघ," सर म्हणाले.

मी बदललं. काकडा विझला आणि ज्योत पिवळी झाली.

"नळी तुंबली असेल."

मी पत्रा न उघडता, टाकीकडच्या तोंडातून नळीत पाणी सोडलं. धार सरळ आली.

सर कपाळाला हात लावून बसले. मी मात्र एकाच गोष्टीपाशी अडून राहिले होते. बर्नर पेटत नाही असं नव्हतं. तो छान पेटत होता, आणि काकडा जळत होता तोवर छान जळत होता. जो कोणी हे करून गेला होता त्याने निपल सोडलं, इंधन सोडलं, आणि असं काहीतरी बिघडवलं होतं की जे काकडा विझेपर्यंत दिसतच नव्हतं.

इतकं हुशार आमच्यात होतं कोण?

३

संतोष धायरीतच खोली घेऊन राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा तो खोलीबाहेर बसून मोटरसायकलच्या सायलेन्सरवर पॉलिश पेपर घासत होता. गंज केव्हाच गेला होता. तरी तो घासतच होता.

"ताई, तुम्ही कायले आल्या? सरांना कळलं तर तुम्हालाही भोसरीला पाठवतील."

"मला कोणी चहालासुद्धा बोलावलेलं नाही भोसरीहून."

तो हसला नाही. "गावाकडे आईले व्हिडिओ पाठवला होता बर्नरचा. तिनं अख्ख्या वाशीमले दाखवला असंल. आता काय सांगू? पोरानं स्वतःच मोडला म्हणून?"

"तू निपल बसवलंस, त्याआधी किंवा नंतर आणखी काही हलवलंस का?"

"नाही."

"पत्र्याच्या आत हात घातलास?"

"दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी पत्रा उघडलाच नाही. काकडा खालून लागतो, निपल बाहेरून बसते. उघडायची गरजच काय?" त्याने पेपर खाली टाकला. "इथल्या सगळ्या शेडांत बातमी गेली आहे, ताई. कालपासून दोन ठिकाणी फोन केला. दोघंही म्हणाले, नंतर बघू. सरांनी नुसतं काढलं असतं तर मी दुसरीकडे लागलो असतो. त्यांनी अंगणात उभं करून विकलेला म्हटलं."

मी निघाले तेव्हा सायलेन्सर उन्हात चमकत होता. त्यावर पॉलिश पेपरच्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने ओढलेल्या.

४

दुसरा संशयित कोथरूडला राहतो आणि आयटीत आहे. आमोद, सरांचा पुतण्या. शेड भाड्याने देऊन टाकावी आणि काकांनी घरी बसावं, असं त्याचं जाहीर मत आहे. तो मला त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटला, हातात हेल्मेट घेऊन.

"सुरुची, सीरियसली? मी काकांचा बर्नर सॅबोटाज करीन? मला तो चालू कसा करायचा हेच माहीत नाही."

"शेड भाड्याने द्यावी असं तूच म्हणतोस."

"म्हणतो ना. तोंडावर म्हणतो. आणि काकाही तोंडावर नाही म्हणतात. आमच्या घरात पाठीमागून काही करायची गरजच पडत नाही, समोरच एवढं बोलतात."

हे खरं होतं. तरी मी सोडलं नाही. "खंडेनवमीला तू शेडवर होतास. सगळे बाहेर तोरण बांधत होतो तेव्हा तू आत एकटा होतास."

"शूट करत होतो. काकांच्या वेबसाइटसाठी, बाय द वे. फुकट. आणि मी कशालाही टच केलं नाही." तो हेल्मेट घालता घालता थांबला. "पण खरं सांगू? मला वाटायचं ते काळंकुट्ट काहीतरी असतं. त्या दिवशी पत्रा काढून ठेवलेला होता, आणि आत काय चकाकत होतं ते! मी क्लोज-अपच घेतला."

"काय चकाकत होतं?"

"ती वाकडी नळी. सोन्यासारखी."

मी नवरात्राच्या पहिल्या दिवशी ती नळी हातात घेऊन तिच्यावर तापमापकाची तार बांधली होती. बोटं काळी झाली होती.

मी स्कूटर काढली आणि थेट धायरी गाठली.

५

पत्र्याचं कवच हाताने फिरवायच्या दोन स्क्रूंवर आहे. ते मी उघडलं आणि बघत राहिले.

नळी लखलखत होती. गुलाबीसर, नुकत्याच आणलेल्या तांब्याच्या गडूसारखी. महिनोन्‌महिने तापून तांब्यावर काळा थर बसला होता, तो पूर्ण गेला होता. वळणांच्या आतल्या बाजूनेसुद्धा. कवचाच्या तळाशी झेंडूची एक वाळलेली पाकळी होती.

मी भिंग आणलं. नळीवर एकही रेघ नव्हती. पॉलिश पेपर लावला असता तर तो कठीण धातूवरही आपली सही करून गेला असता. आणि जिथे नळी पट्टीने आवळलेली आहे त्या फटीत तपकिरी रंगाचा एक चिवट धागा अडकला होता. मी तो चिमट्याने काढला, वास घेतला, आणि मग, प्रयोगशाळेत कधीही करू नये ते केलं. जिभेला लावला.

आंबट होता.

पण माझी शंका बरोबर आहे हे नळीनेच सांगायला हवं होतं. मी तेलाचा दिवा लावला, वात मोठी केली आणि नळी सगळीकडून धुरावर धरली. काजळी बसून ती पुन्हा काळी झाली. बाकी काही म्हणजे काही बदललं नाही. निपल तेच, स्पिरिट तेच. नळी जागेवर बसवली, कवच लावलं, काकडा पेटवला.

ज्योत निळी उभी राहिली. काकडा विझला.

ज्योत हललीसुद्धा नाही.

आता मला काय झालं ते माहीत होतं, आणि कोणी केलं तेही. ज्यांनी मला हे काम सांगितलं होतं त्यांच्यासमोर ते कसं बोलायचं, एवढंच माहीत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना बोलावलं. सर आणि काकू आत बसले. आमोद दाराला टेकून उभा होता. संतोष आला, पण उंबऱ्याच्या बाहेर थांबला.

"आत ये," काकू म्हणाल्या.

"इथंच बरा आहे. मले जिथं बोलले तिथंच उभा राहतो."

मी नळी टेबलावर ठेवली. अर्धी काजळी मी पुसून टाकली होती, त्यामुळे ती अर्धी काळी, अर्धी चकचकीत होती.

"बर्नर काकड्याच्या जिवावर चालत होता," मी म्हणाले. "काकडा विझला की नळीला उष्णता फक्त जाळीच्या धगीची. काळी वस्तू धग पिऊन घेते. चकचकीत वस्तू ती परत फेकते. उन्हात स्टीलचं ताट आणि लोखंडी तवा ठेवून बघा, तवा आधी चटका देतो. नळी चकचकीत झाली, धग परत गेली, आणि स्पिरिटची वाफ व्हायची थांबली. काल मी नळी काळी केली. बर्नर दुपारभर चालला."

सर ताडकन उठले. त्यांनी नळी उचलली, उजेडात फिरवली. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. "घासली कोणी?"

"संतोषने घासली असती तर पॉलिश पेपरने घासली असती. त्याचा हात तोच आहे. इथे रेघ नाही. आमोदने..."

"मी घरची कपबशीसुद्धा विसळत नाही," आमोद म्हणाला.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"ही आंबटाने उजळली आहे. पत्रा खंडेनवमीला उघडा होता, आणि आत झेंडूची पाकळी पडली होती." मला पुढचं वाक्य जमवायला वेळ लागला. "माझीच चौकशी चुकली. मी सगळ्यांना विचारत होते, काय बिघडवलं. काय नीट केलं, हे मी कोणाला विचारलंच नाही."

काकूंनी मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली.

"मी घासली," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला सगळ्या मशिनी पुसल्या. हा बर्नर उघडला तर आत ती काजळलेली नळी. तिला तशीच हळदकुंकू लावू? घरून चिंच आणि मीठ घेऊनच आले होते, गडू घासतो तशी घासली. म्हटलं, पाहुणे येणार, आपलं काम कसं लख्ख दिसलं पाहिजे." त्यांचा आवाज खाली गेला. "आणि माझ्यामुळे या पोराला..."

सरांनी नळी खाली ठेवली. "आयुष्यात एकदा माझ्या कामाला हात लावलास, सरोजिनी, तो असा!"

"एकदा नाही. दर खंडेनवमीला इथलं प्रत्येक यंत्र मी पुसते. तुमचं लक्ष नसतं, एवढंच." काकूंनी डोळे पुसले आणि मान वर केली. "आणि मी एक विचारू? हा बर्नर जाणार कुठे?"

"स्वयंपाकघरात. माहीत आहे तुला."

"तिथल्या बायका रात्री ओटा आवरताना तो घासणार नाहीत, असं वाटतं तुम्हाला? काळा ठेवा म्हणून पाटी लावाल? अहो, घासला की बंद पडतो तो बर्नर स्वयंपाकघरासाठी केलाय कोणी?"

सर खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. मी त्यांना असं बसलेलं दोनदाच पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यातून काहीतरी नवीन निघालं होतं.

पण या वेळी ते आधी उठून दाराशी गेले.

शेजारच्या शेडमधली माणसं आजही अंगणात होती. सरांच्या शेडमध्ये काही चाललं की ती असतातच. सर पायरी उतरून संतोषसमोर उभे राहिले.

"परवा मी इथे उभं राहून संतोषला विकलेला म्हणालो," ते वर्गात बोलतात तेवढ्या मोठ्याने म्हणाले. "ते खोटं होतं. चूक माझ्या डिझाइनमध्ये होती आणि मी ती माणसात शोधली. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांनी हेही ऐकावं." मग आवाज उतरला. "माझं चुकलं, संतोष."

संतोष खाली बघत होता. "सर, बाकी काही नाही. ते अहो-जाहो तेवढं पुन्हा करू नका. लय लागते."

"बरं. मग चल रे आत," सर म्हणाले. "नळी बदलायची आहे."

७

काळेपणावर विसंबायचं नाही, हे ठरलं. उष्णता धगीने नको, धातूतून आली पाहिजे. संतोषने तांब्याची एक पट्टी कापली, तिचं एक टोक नळीला झाळून जोडलं आणि दुसरं टोक ज्योतीत उभं केलं. तांबं काळं असो की लख्ख, ज्योतीत उभं केलं की तापतंच, आणि उष्णता नळीपर्यंत नेतंच.

पहिली पट्टी रुंद झाली. ज्योत जुन्या दिवसांसारखी भकभकू लागली. दुसरी अरुंद झाली, थेंब आले. मग संतोष कापायचा, मी तापमान घ्यायचे, सर आकडा ऐकून "अजून थोडी" किंवा "थांब" म्हणायचे. आमोदसुद्धा शुक्रवारी ऑफिसमधून परस्पर आला आणि हेल्मेट काढायचं विसरून ज्योतीकडे बघत उभा राहिला. त्या संध्याकाळी बर्नर काळ्या नळीवर चालला, आणि लख्ख नळीवरही चालला. सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी नुसता संतोषच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

शनिवारी संस्थेकडून मुक्ताबाई आल्या. त्यांच्या हाताखाली कितीतरी स्वयंपाकघरं चालतात. त्यांनी सरांचं प्रास्ताविक उभ्यानेच ऐकलं, अर्धं सोडून दिलं, आणि थेट बर्नरपाशी गेल्या.

"पेटवा बघू."

सरांनी काडेपेटी संतोषकडे दिली. काकडा लागला, जाळी लाल झाली, निळी ज्योत उभी राहिली. काकडा विझला. शेडमध्ये त्या एका आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि तो आवाज एकसारखा होता. मुक्ताबाईंनी आपलं मोठं पातेलं वर ठेवायला लावलं आणि पाण्याला आधण येईपर्यंत कोणाशीही बोलल्या नाहीत.

"धूर नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आवाजही फार नाही. आमच्या बायका घासूनपुसून ठेवतात सगळं. त्याने काही होणार नाही ना?"

"खुशाल घासा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू आवरेना.

मुक्ताबाईंनी मान हलवली. "ठीक. पण ही नवी वस्तू आहे. भल्या पहाटे चूल पेटते आमची, पोरं जेवायची थांबत नाहीत. बंद पडला तर मी हाक मारायची कोणाला?"

सरांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि दोन पावलं मागे सरकून संतोषकडे बघितलं.

संतोषने हात पुसले.

"मले," तो म्हणाला. "पण बंद पडणार नाही."